दार उघडायचं रीळ

केसरबाईंनी पोहरा आडात सोडला तेव्हा रहाट कुरकुरला नाही. कुरकुरणार कसा? त्याच्या कण्याला त्यांनी आपल्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्या करडीच्या तेलात भिजवून गुंडाळल्या होत्या. बहात्तरचा पाऊस जो गेला तो गेलाच, आणि त्र्याहत्तरच्या वैशाखात ज्या गावात कालवणाला तेलाचा थेंब मिळेना, त्या गावात एक रहाट पोटभर तेल पीत होता. ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: केसरबाईंना, त्यांच्या यजमानांना आणि रहाटाला.

"आटप लवकर. तंबूत बत्त्या लागल्या," विठ्ठलराव दारातून म्हणाले. ते दाराला पाठ लावून उभे होते, जणू दारच त्यांना टेकून उभं आहे.

"दोन सऱ्या राहिल्यात."

"उद्या पाज त्यांना दुप्पट. सिनेमाला आपण आधी जाऊन बसलं पाहिजे. सोसायटीनं आणलाय सिनेमा, आन चेरमनच्या घरचंच माणूस मागनं आलं तर बरं दिसतंय का?"

केसरबाईंनी शेवटचा पोहरा सरीत ओतला. आठ सऱ्या होत्या. आठांत पुरुषभर उंचीचा, काळपट हिरवा, लागवडीच्या बेण्याचा ऊस उभा होता. गढीच्या भिंती चार पुरुष उंच, त्यामुळे बाहेरून त्याचं टोक दिसत नव्हतं. गावातल्या चिमण्यांना तो दिसत होता, पण चिमण्या काही तहसीलदाराकडे अर्ज करत नाहीत.

गढी जुन्या जहागीरदाराची. पोलीस ॲक्शननंतर तो हैदराबादला निघून गेला आणि विठ्ठलरावांनी ती स्वस्तात घेतली, डागडुजी केली, पुढच्या देवडीत सोसायटीचं ऑफिस थाटलं, बाजूच्या पागेत खताचं गोदाम केलं. मधे राहणं. मागच्या अंगणाला एक ठेंगणं दार, त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली केसरबाईंच्या कंबरेला. आडाचं पाणी उघड झालं असतं तर सरकारनं आड ताब्यात घेतला असता आणि गावानं महिनाभरात त्याचा तळ गाठला असता. मग उसाचं काय? आज ना उद्या सहकारी कारखाना येणार होता. कारखाना आला की सगळ्या पंचक्रोशीला बेणं लागणार, आणि दुष्काळानंतर बेणं असणार ते एकट्या विठ्ठलरावांकडे. "गावाचंच हाय हे," ते म्हणायचे. "फकस्त गावाला आत्ता ठाव नको." या वाक्यात स्वार्थ किती आणि परमार्थ किती, हे त्यांनी कधी वेगळं काढून पाहिलं नव्हतं. दुधात पाणी घातल्यावर कोण वेगळं काढतो?

गड्याला त्यांनी आधीच दुष्काळी कामावर खडी फोडायला धाडला होता. लोकांना वाटलं, चेअरमनचीही ओढाताण चालली आहे.

केसरबाईंनी पायावरचा चिखल राखेनं घासून काढला. वैशाखात चिखल. सगळ्या गावाच्या टाचा धुळीनं पांढऱ्या पडलेल्या असताना यांच्या टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली असायची, ती काही राखेनं पुरती निघत नव्हती. त्यांनी लुगडं घोट्याखाली ओढलं आणि दाराला कुलूप घातलं.

*

तलवाड्याहून आलेला तंबू सोसायटीच्या पटांगणात उभा होता. मधोमध कनात, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका, समोर दोघांना मिळून एकच पडदा. राधाकिशन हा तंबूचा मालक. दुष्काळात त्याला बरे सिनेमे कुणी देईना, म्हणून मुंबईच्या कुठल्याशा गोदामातून त्यानं एक जुना इंग्रजी, काळा-पांढरा, भुतांचा सिनेमा उचलून आणला होता. त्याचं नाव कुणाला वाचता येत नव्हतं. रिळांच्या पेटीवर राधाकिशननं स्वतःच खडूनं लिहिलं होतं: गढीतली नवरी.

सिनेमा समजावून सांगायला निवृत्ती होता. तो पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभा राहायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण पडद्यावरच्या माणसांनाही मराठी येत नव्हतं, त्यामुळे वाद व्हायचा प्रश्न नव्हता.

केसरबाई अगदी पुढे, अंथरलेल्या पोत्यावर बसल्या. टँकरच्या रांगेतही त्यांचा नंबर पुढेच असायचा. रांगेत उभं राहणं ही विठ्ठलरावांचीच अक्कल. "सगळ्यांच्या बायका घागर घेऊन उभ्या, आन तू घरात? लोक आंधळे न्हाईत. उभी ऱ्हात जा." तेव्हापासून त्या रोज सकाळी घागर घेऊन उभ्या राहायच्या. चेअरमनची बायको शेवटी कशी उभी करायची, म्हणून बायका त्यांना आपण होऊन पुढे ढकलायच्या. टँकरचं पाणी रोज रांगेच्या शेपटाला, बौद्धवाड्यातल्या बायकांपाशी संपायचं. बहुतेक वेळा ते संपायचं सगळ्यात शेवटी उभ्या पारूबाईच्या एक घागर आधी. आणि केसरबाई गढीत येऊन आपली ती घागर सरीत ओतून टाकायच्या. दुसरीकडे ठेवायची कुठे? घरातली सगळी भांडी भरलेली असायची.

बत्ती विझली. अंधार झाला की तंबूतल्या रांगा मोडायच्या, तशा मोडल्या. केसरबाईंच्या अगदी पाठीमागे कुणीतरी येऊन टेकलं. पारूबाई होती. कामावरून थेट आलेली, केसांत खडीची भुकटी.

पडद्यावर डोंगर आला, डोंगरावर गढी आली, आणि भोंगा सुरू झाला.

"मायबाप हो, ही गढी बघा. आपल्या चेरमनसायबांच्या गढीपरीस जराशी मोठी हाय, पर डागडुजी न्हाई केली. ही नवी नवरी. बग्गीतून उतरली. माहेर लांब हाय, येणं-जाणं न्हाई. ह्यो तिचा मालक. अंगावर काळी घोंगडी, तोंडावर हसू न्हाई. ह्येला मूळव्याध आसंल."

पुरुषांच्या बाजूनं हसण्याची लाट आली. धुरकट उजेडाच्या पट्ट्यात धूळ उडताना दिसत होती. पटांगणात शिंपडायला पाणी कुठलं?

मालक नवरीशी बोलायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. जेवणाच्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला ती. मग संध्याकाळ झाली. मालकानं एका हातात कंदील घेतला, दुसऱ्या हातात पाण्याची सुरई, आणि गोल जिना चढत लोखंडी पट्ट्यांच्या एका दाराशी आला. इकडेतिकडे पाहिलं. कुलूप काढलं. आत गेला. दार बंद झालं. खांबाआडून नवरी बघत होती.

"आता ह्यो पाणी घिऊन कुनाकडं चाललाय बे?" निवृत्तीनं भोंग्यातून विचारलं.

"टँकरची वाट बघून दमला आसंल!" कुणीतरी ओरडलं.

"आरं, मंजी गढीत पाणी हाय म्हन की!"

तंबू हसला. कनातीला एक फाट होती. तिच्यातून केसरबाईंना आपले यजमान दिसत होते. तेही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

दुसऱ्या संध्याकाळी मालक पुन्हा सुरई घेऊन गेला. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. भरलेली सुरई घेऊन जायचा, रिकामी घेऊन उतरायचा. नवरी जिन्याखाली उभी राहून वर बघायची. केसरबाईंच्या हाताला कंबरेची किल्ली लागली. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला, तर तो पुन्हा तिथेच गेला.

शेवटी मालक खुर्चीत झोपलेला असताना नवरीनं त्याच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली. जिना चढली. कुलपात किल्ली घातली. फिरवली. दार जरासं हललं, आणि पडदा पांढरा झाला.

रीळ संपलं होतं. राधाकिशनकडे मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला बत्ती लागायची. लोक बिडी पेटवायचे, पोरं मुतायला जायची, आणि तेवढ्या वेळात तो दुसरं रीळ चढवायचा.

बत्तीच्या उजेडात विठ्ठलराव उठले. टोपी सारखी केली आणि मशीनपाशी गेले. त्यांनी राधाकिशनच्या खांद्यावर हात ठेवला. विठ्ठलराव कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचे तेव्हा त्या माणसाचं काहीतरी जायचं असायचं. केसरबाईंना हे लग्नापासून माहीत होतं. राधाकिशननं एकदा मान हलवली, नको म्हणून. मग एकदा हलवली, बरं म्हणून. सोसायटीचं पटांगण, सोसायटीच्या ओळखीनं मिळालेलं डिझेल. दुसऱ्यांदा मान हलवायला एवढं पुरेसं होतं. हातातलं रीळ त्यानं डब्यात परत ठेवलं आणि त्याच्या खालचं काढलं.

बत्ती गेली. पडद्यावर गढी जळत होती. नवरी केस मोकळे सोडून डोंगर उतरत होती.

निवृत्तीचा भोंगा तोंडापाशी तसाच राहिला.

"दार कुठं गेलं बे?"

"आत काय व्हतं ते दाव की!"

"ओ राधाकिशनशेठ, उलटं लावा, मागं न्या!"

पोती आपटायला लागली. बत्ती लागली. निवृत्ती म्हणाला, "मायबाप हो, रीळ तुटलं जणू," पण सिनेमाबाहेरचं खोटं बोलण्यात तो तेवढा तयार नव्हता. मग विठ्ठलराव उभे राहिले. सभेत राहायचे तसे, एक हात वर करून.

"गप बसा. म्याच काढाया लावलं. लई वंगाळ हाय त्या रिळात. बायकापोरं भेली आस्ती."

"तुमी कवा बघितलाव, चेरमनसायेब?"

विचारणारा माणिकराव. सोसायटीचा साधा सभासद, वर्षातून एकदा बोलायचा. त्यानं खरंच साधेपणानं विचारलं होतं. सिनेमा तर काल रात्री गावात आला, पेट्या आज दुपारी उघडल्या. तंबू हसायला लागला. हे आधीसारखं हसणं नव्हतं. विठ्ठलराव खाली बसले. बसल्यावर त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

कनातीच्या या बाजूला बायकांचं सुरू झालं होतं.

"सवत आसंल आत," चतुराबाई म्हणाली. "घोंगडीवाल्याचं लक्षणच त्ये व्हतं."

"सोनं आसंल गं."

"सोन्याला रोज पाणी कशाला लागतंय?"

"मग मडं आसंल."

"तुमी बी येड्याच हाव," पारूबाई केसरबाईंच्या पाठीमागून म्हणाली. तिचा आवाज अगदी कानाशी आला. "भरून नेतोय आन रिकामी आणतोय. आत ज्ये काय हाय, त्ये पाणी पितंय."

केसरबाईंनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

*

घरी येताना विठ्ठलराव दोन पावलं पुढे चालत होते. देवडी ओलांडली तसे थांबले.

"त्या भोंगेवाल्याला कुणी शिकवलं आसंल?"

"कुणी न्हाई. त्यो गावोगाव त्येच सांगत आसंल."

"मग माणिकरावाला? लई दिसांनी तोंड उघडलं त्यानं."

"तुमी उठला नसता तर कुणीच तोंड उघडलं नसतं."

विठ्ठलरावांनी यावर विचार केला. विचार करताना ते दाराचा अडसर पुढे-मागे सारत राहिले. लावला, काढला, पुन्हा लावला.

"उद्या टँकरला जरा मागं उभी ऱ्हा," ते म्हणाले. "सारखी पुढं दिसतीस. मागं ऱ्हायलीस तर लोकांना बरं वाटंल."

"मागच्यांना पाणी मिळत न्हाई."

"मंग तर लईच बरं."

केसरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस वाईट नव्हता. मुलीच्या बाळंतपणात तो रात्रभर ओट्यावर बसून होता. पेरणीला अडलेल्यांना सोसायटीतून खत आधी आणि कागद मागून, असं त्यानं कितीदा केलं होतं. फक्त एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती सोडून बाकी सगळं त्याला शेजाऱ्याच्या बांधासारखं वाटायचं, टोकरायला बरं.

"कारखाना कवा येतोय?" त्यांनी विचारलं.

"पुढल्या साली."

"मागल्या साली बी हेच म्हन्लावता."

"बेणं जगव तू. कारखान्याचं मी बघतो."

*

सकाळी तंबू उतरवून झाला तसा निवृत्ती भाकरी न्यायला मागच्या ओट्यावर आला. तंबूवाल्यांचं जेवण गढीकडे लागलं होतं. केसरबाईंनी मिलोच्या, रेशनच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी फडक्यात बांधल्या, वर ठेचा घातला, आणि गाठ मारताना हात थांबवला.

"एक इचारू का भाऊ? त्या खोलीत काय व्हतं?"

निवृत्तीनं आधी मागे पाहिलं, मग हसला. भोंगा नसला की त्याचा आवाज अगदी लहान होता.

"कुणाला सांगनार न्हाई नव्हं? काय बी न्हाई बाईसायेब. रिकामी खोली. ना खाट, ना पेटी. भुई तेवढी वली."

"वली?"

"ह्यो गडी रोज जातोय आन सुरई भुईवर वततोय. कुणाला, कशाला, त्येचं त्येला ठाव. ती नवरी दार उघडती आन वल्या भुईवर उभी ऱ्हाती बघत. बास. लोक लई चिडत्यात. केजला तर मशीन फोडाया निघालते. म्हणून म्या सांगतो, आत सवत व्हती, पर आत्ताच खिडकीतून पळाली." त्यानं भाकरी उचलल्या. "तुमच्या मालकांनी रीळ काढलं ते एका परीनं बरंच झालं. न दावता लोकांनी किती काय काय बघितलं."

तो गेल्यावर केसरबाई थोडा वेळ ओट्यावर उभ्या राहिल्या. पुढच्या देवडीतून विठ्ठलरावांचा आवाज येत होता. दोन सभासद आले होते आणि कारखान्याचं बोलणं चाललं होतं. बाहेर घागरींचा आवाज सुरू झाला. रांग लागत होती.

त्यांनी ठेंगण्या दाराचं कुलूप काढलं. ऊस सकाळच्या वाऱ्यात सळसळत होता. पोहरा सोडला, ओढला. घागर भरली. पाय चिखलात रुतले ते त्यांनी पाहिलं. राखेचा डबा तिथेच कोनाड्यात होता. त्यांनी घागर डोक्यावर घेतली आणि तशाच बाहेर पडल्या. दार लोटलं, पण कुलूप कडीला उघडंच लटकत राहिलं.

टँकर अजून आला नव्हता. रांगेतल्या बायकांनी केसरबाईंना जागा करून द्यायला सवयीनं सरकायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. घागरीच्या काठावरून पाणी हिंदकळून केसरबाईंच्या कपाळावर आलं होतं आणि नाकाच्या शेंड्यावरून टपकत होतं.

"चेरमनीणबाई," चतुराबाई हळूच म्हणाली, "टँकर तर अजून यायचाय."

केसरबाई थांबल्या नाहीत. रांगेच्या बाजूनं चालत गेल्या, शेपटापर्यंत. पारूबाईची घागर जमिनीवर होती, तोंड वर करून. त्यांना येताना पाहून पारूबाई मागे सरली. वरून पाणी ओततात तेव्हा मागे सरायची तिला सवय होती. केसरबाईंनी घागर डोक्यावरून उतरवली आणि तिच्या घागरीशेजारी खाली ठेवली. तांब्याच्या घागरीला पितळेची घागर टेकली. मग काठाला काठ लावून त्यांनी ती कलती केली.

पाणी पडण्याचा आवाज सगळ्या रांगेला ऐकू गेला.

पारूबाई घागरीकडे बघत नव्हती. ती केसरबाईंच्या पायांकडे बघत होती.

"आज टाचा घासल्या न्हाईत," ती म्हणाली.

केसरबाईंनी मान वर केली, तशी घागर सरकली आणि थोडं पाणी बाहेर सांडलं.

"तुला ठाव व्हतं?"

"पाडव्यापस्नं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

पारूबाईनं सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं. ते प्यायला जमिनीनं वेळ लावला नाही.

"बोलले आस्ते तर तुमी रांगंत यायच्या बंद झाला आसता," ती म्हणाली. "रोज येत व्हता. मला वाटायचं, आज सांगतील."

केसरबाईंनी रिकामी घागर उचलली. मागे वळून कुणाला या म्हणाल्या नाहीत. आल्या त्याच वाटेनं निघाल्या, देवडीवरून न जाता बाजूच्या बोळानं. बोळ संपायच्या आधी मागे एक घागर दुसरीवर आपटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. त्यांनी चाल वाढवली नाही आणि कमीही केली नाही.

आडाशी येऊन त्यांनी घागर खाली ठेवली. रहाटाच्या कण्यावरची गाठ तेलानं घट्ट बसली होती. नखानं सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातानं सोडली. लुगड्याची लांबच लांब चिंधी उलगडत निघाली. कधीकाळी ती हिरवी होती. ती त्यांनी आडाच्या काठावर टाकली, पोहरा कड्याला अडकवला आणि दोर सोडला.

देवडीत विठ्ठलराव सांगत होते, "...आन मंग आपल्या गावचा ऊस..." 

रहाट कोरडा ओरडला. गढीच्या चार पुरुष उंच भिंतींवरून तो आवाज बाहेर आला आणि अख्ख्या गावावर पसरला.